उकिरड्याचे पांग आणि 'स्वस्त' खताचा इतिहास

पावसाळा जवळ आला की कुंड्या आणि परसबाग करणाऱ्या मंडळींमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. "चांगलं शेणखत स्वस्तात कुठे मिळेल हो?" मग कुणी गोठ्याचा पत्ता देतं, कुणी गांडूळखताच्या पिशवीचा भाव सांगतं, कुणी म्हणतं विकत कशाला घेता, घरीच करा. प्रश्न साधा आहे. पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो एकदा इतिहासाच्या अंगाने विचारून बघावा, कारण यातला 'स्वस्त' हा शब्द फार लबाड आहे.

विषय निवडताना आपण बहुतेक वेळा मोठे शब्द पकडतो. 'वसाहतकालीन कृषिधोरण', 'हरितक्रांतीचे सामाजिक परिणाम' वगैरे. मार्गदर्शकही मान डोलावतात, आणि सहा महिन्यांनी कळतं की हातात प्रश्नच नाही, नुसतं शीर्षक आहे. आज मी उलट बाजूने यायला सुचवते. एक अगदी फालतू वाटणारी वस्तू घ्या (आपण खत घेऊ) आणि तिच्याबद्दल एकच प्रश्न चिकाटीने विचारा: ही वस्तू जेव्हा फुकट किंवा स्वस्त होती, तेव्हा तिची किंमत कोण भरत होतं?

आपल्याकडे म्हण आहे, बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात. म्हणीतला उकिरडा म्हणजे नशिबाची शेवटची पायरी. शेतकऱ्याच्या घरी मात्र उकिरडा ही ठेव होती. गोठ्यातलं शेण, जनावरांनी उष्टावलेला कडबा, चुलीतली राख, घरातला केर वर्षभर त्यात पडायचा आणि उन्हाळ्यात गाड्या भरून शेतात जायचा. पैसे द्यावे लागत नव्हते. पण ते शेण रोज सकाळी काढायचं कुणी? गोवऱ्या थापायच्या कुणी? घरातल्या बायकांनी, नाहीतर गड्याने. घरच्या बाईच्या श्रमाला मजुरी नाही, मजुरी नाही म्हणून हिशेब नाही, आणि हिशेब नाही म्हणून दप्तरात नोंद नाही. 'फुकट' हा शब्द दिसला की आधी नोंद कशाची झाली नाही ते शोधा.

आता शेण. एकच शेण, आणि त्याला दोन वाटा: शेत किंवा चूल. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार असे की हिंदुस्थानी शेतकरी अडाणी, सोन्यासारखं खत जाळून टाकतो. 1889 च्या अखेरीस जॉन ऑगस्टस व्होल्कर हा इंग्लंडचा कृषिरसायनतज्ज्ञ सरकारच्या वतीने इथे आला, देशभर फिरला, आणि 1893 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो जाडजूड आहे, पण चाळाच. व्होल्करने नेमकं उलट लिहिलं: जिथे लाकूड मिळतं तिथे शेण फारसं जाळलं जात नाही. शेतकऱ्याला खताची किंमत कळते, त्याला सरपण मिळत नाही. म्हणून त्याने सरपणासाठी आणि चाऱ्यासाठी वेगळी राखीव राने लावावीत असं सुचवलं.

म्हणजे शेतातल्या शेणखताचा इतिहास लिहायला बसलात तर दुसऱ्याच दिवशी तुम्ही जंगल खात्याच्या कागदांत जाऊन पडता. 1878 चा वनकायदा, राखीव जंगलं, बंद झालेली चराई. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यावर जो राग आहे, तो केवळ सरकारी जुलमाविरुद्धचा राग म्हणून वाचू नका. चराईला जागा नाही म्हणजे जनावर नाही, आणि जनावर नाही म्हणजे खत नाही. ही साखळी डोक्यात ठेवून ते प्रकरण पुन्हा वाचा, वेगळं दिसेल.

याच वादाची दुसरी बाजू ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत दिसते: राब. कोकणातल्या कुणाशी बोललात तर हा शब्द अजून ऐकायला मिळेल. भाताची रोपं जिथे वाढवायची त्या तुकड्यावर फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि पावसाआधी ते भाजायचं. राखेचं खत होतं, तण मरतं. त्यासाठी दरवर्षी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागत. वनखात्याला ती जंगलाची नासधूस वाटली, शेतकऱ्याला तो भाताचा पाया वाटत होता. ठाण्यात इतका असंतोष झाला की 'ठाणा फॉरेस्ट असोसिएशन' नावाची संघटना उभी राहिली, आणि सरकारला 1885 मध्ये मुंबई इलाख्यासाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचं काम 1887 पर्यंत चाललं. त्या कागदांत एकाच कृतीला दोन नावं आहेत. कोणतं नाव कुणाच्या तोंडी येतं याची नुसती यादी केलीत तरी एका प्रकरणाचा सांगाडा उभा राहील.

गावात खताची रोकड किंवा धान्यात किंमत ठरवणारा व्यवहारही होता. धनगरांची मेंढरं शेतात बसवणं. रात्रभर कळप शेतात बसतो, लेंडी आणि मूत जिथल्या तिथे जिरतं, वाहतूक शून्य. त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. हा व्यवहार आजही चालू आहे, म्हणजे इथे तुम्हाला दप्तरासोबत माणसांशी बोलण्याचीही सोय आहे. मला स्वतःला हा विषय फार आवडतो, पण त्यावर सविस्तर नंतर कधीतरी.

शहरात आलं की गोष्ट बदलते, आणि अवघडही होते. मराठीत मैल्यापासून केलेल्या खताला सोनखत म्हणतात. इतक्या सुंदर शब्दामागे काय आहे ते ठाऊक असूनही आपण तो शब्द सहज उच्चारतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरपालिका आल्या, टोपलीचे संडास नियमात आले आणि मैल्याचं काय करायचं हा रोजचा प्रश्न झाला. राख आणि केर मिसळून, वाळवून त्याचं खत करायचं आणि विकायचं, हा एक मार्ग होता. 1870 च्या दशकात खडकवासल्याचं धरण आणि मुठा कालवा झाल्यावर पुण्याभोवती ऊस वाढला, आणि उसाला खत हवं होतं. शहराची घाण आणि मळ्याची भूक यांची गाठ पडली. आधी नाक मुरडणारे बागाईतदारही पीक बघून गिऱ्हाईक झाले.

अशा वेळी नगरपालिकेच्या जमाखर्चात काय दिसतं? खतविक्री ही जमेची बाब. सफाई कामगारांचा पगार ही खर्चाची. वाचणाऱ्याला वाटतं, वा, कचऱ्यातून उत्पन्न! पण ते खत मळेवाल्याला परवडणाऱ्या भावात मिळत होतं, कारण ते उचलणाऱ्या माणसाला दुसरं काम करायची मुभा समाजाने ठेवली नव्हती. जात इथे 'सामाजिक पार्श्वभूमी' म्हणून पहिल्या प्रकरणात टाकायची गोष्ट नाही. खताच्या भावातच ती आहे.

याला आणखी एक वळण आहे. विजय प्रसाद यांनी दिल्लीच्या वाल्मीकी समाजाच्या इतिहासावर लिहिलेल्या पुस्तकात (2000) दाखवलंय की नगरपालिकेच्या आधी तिथले सफाई करणारे लोक गोळा केलेला मैला आणि कचरा स्वतः शेतकऱ्यांना विकत. तो त्यांच्या हातातला एक हक्क होता. नगरपालिकेने तो स्वतःकडे घेतला आणि त्यांना पगारी नोकर केलं. म्हणजे नगरपालिकेची 'जमा' ही काही ठिकाणी कुणाची तरी गेलेली मिळकत होती. महाराष्ट्रातल्या शहरांत असं कुठे घडलं का, हा प्रश्न मी मुद्दाम तुमच्यासाठी मोकळा सोडते.

आता इंदूर. कंपोस्ट म्हटलं की अल्बर्ट हॉवर्डचं नाव येतं. हा वनस्पतिशास्त्रज्ञ 1905 मध्ये बिहारातल्या पुसा इथे आला आणि 1924 मध्ये होळकरांच्या राज्यात, इंदूरला, वनस्पती-संशोधनाची संस्था सुरू झाली तेव्हा तिचा प्रमुख झाला. तिथे जी पद्धत बसवली गेली तिला आजही 'इंदूर पद्धत' म्हणतात. ती समजून घ्या, घरच्या बादलीतही तिचंच तत्त्व चालतं. सुमारे 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि 2 फूट खोल खड्डा. त्यात शेतातला काडीकचरा, शेण, जनावरांच्या मुताने भिजलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर. पाणी शिंपडायचं, पण चिखल होऊ द्यायचा नाही. साधारण पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असा तीनदा ढीग पालथा घालायचा, म्हणजे आत हवा खेळते. तीन महिन्यांत खत तयार. शेण कमी लागतं हे त्यातलं खरं मर्म, कारण शेणाचा तुटवडा व्होल्करच्या काळापासून होताच. गोठ्यातली मूत जिरलेली माती उचलून वापरणं ही तर मला सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते. शेण जळत होतं म्हणून आरडाओरडा करणाऱ्यांचं वाया जाणाऱ्या मुताकडे फारसं लक्षच नव्हतं.

1931 मध्ये या पद्धतीवर पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. पुढे 1934 मध्ये शहरवस्तीतल्या मैल्याला आणि केराला हीच पद्धत कशी लावायची यावर एका वैद्यकीय नियतकालिकात लेख आला, त्यावर जॅक्सन आणि पुन्हा वाड अशी नावं आहेत. जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांना हॉवर्ड माहीत आहे, वाड कुणाला माहीत नाहीत. हॉवर्डवर लिहिलेलं भरपूर सापडेल. वाडांवर काम करायला मात्र जागा अगदी मोकळी आहे, ज्याला विषय हवाय त्याने उचलावा.

गांधींनी 1935 मध्ये ही संस्था पाहिली आणि त्याच वर्षी 'हरिजन'मध्ये कंपोस्टबद्दल लिहिलं. तेव्हा ते वर्ध्याला राहायला आले होते, आणि जवळच्या सिंदी गावात त्यांचे सहकारी रोज मैला उचलून मातीत पुरण्याचं काम करत होते. 1939 च्या सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी शहरांसाठी वेगळी पद्धत काढली: चरात कचऱ्याचा आणि मैल्याचा एकाआड एक थर द्यायचा, वरून मातीने लिंपायचं आणि सहा-आठ महिने हात लावायचा नाही. पालथा घालायची मजुरी वाचते, खताला वेळ जास्त लागतो. नगरपालिकांना ती का आवडली असेल हे सांगायला नको.

पण थर द्यायला मैला तिथवर आणायचं काम कुणाचं? कोकणातले आप्पासाहेब पटवर्धन 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकाम करू द्या अशी मागणी केली. तुरुंगाने नकार दिला, कारण उच्च जातीच्या कैद्याला ते काम देण्याचा नियम नव्हता. त्यांनी अन्न कमी केलं, आणि डिसेंबर 1932 मध्ये येरवड्यात असलेल्या गांधींनीही त्यांच्यासाठी उपवास सुरू केला. नंतर आप्पासाहेबांनी कणकवलीजवळ गोपुरीला आश्रम काढला, आणि माणसाला मैला हाताळावा लागू नये, तरी त्याचं खत व्हावं, असे साधे संडास बांधण्यात आयुष्य घातलं. हे मोठं काम होतं, आणि मी ते कमी लेखत नाही.

तरीही बाबासाहेब आंबेडकरांचा युक्तिवाद याच्या शेजारी ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका. सफाईकाम हे थोर सेवाकार्य आहे असं म्हणून ते करणाऱ्यांना त्यातच राहायला सांगणं, याला त्यांचा तीव्र विरोध होता. 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी एक जुनी आठवण सांगितली. महारांनी मेलेली गुरं ओढायची सोडली तेव्हा 'केसरी'त एका पत्रलेखकाने हिशेब मांडला होता: कातडं, शिंगं, हाडं यांतून वर्षाला पाचशे रुपये मिळतात, ते या लोकांनी घालवले. बाबासाहेबांचं म्हणणं असं की इतका फायदा आहे तर तुम्हीच ओढा, वर पाचशे मी देतो. नर्सरीत हाडांचा चुरा घेताना मला हा हिशेब आठवतो. गुलाबाला स्फुरद मिळतं ते खरंच, पण हाडं गोळा करण्याचं 'उत्पन्न' कुणाच्या माथी मारलं गेलं होतं, ते त्या पत्रात स्पष्ट आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1949 मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल 1952 मध्ये आला. इंदूरचं पुस्तक आणि बर्वे समितीचा अहवाल एकाच आठवड्यात वाचा. एकात ढीग कसा लावायचा ते आहे, दुसऱ्यात ढिगापर्यंत घाण नेणारा माणूस कसा जगतो ते. हाताने मैला उचलण्याला बंदी करणारा कायदा त्यानंतर चार दशकांनी, 1993 मध्ये झाला, आणि 2013 मध्ये पुन्हा नवा करावा लागला.

मधल्या काळात खताच्या भावाचा सगळा खेळच बदलला. 1951 मध्ये सिंद्रीचा कारखाना सुरू झाला, 1977 पासून सरकारने खतकारखान्यांना खर्चावर आधारित अनुदान द्यायला सुरुवात केली. आज 45 किलो युरियाच्या गोणीचा सरकारने बांधलेला भाव 242 रुपये आहे (कडुनिंबाचा लेप आणि कर वेगळे). युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे गोणीत जवळजवळ 21 किलो. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का धरलं, तर तेवढ्याच नत्रासाठी चार टन शेणखत लागेल. चार टन! भरायचं, आणायचं, पसरायचं. शेणखत सेंद्रिय कर्ब देतं, माती भुसभुशीत करतं, ते युरिया करत नाही, हे मान्य. पण 'सेंद्रिय महाग का' याचं निम्मं उत्तर या भागाकारात आहे. युरियाची खरी किंमत सरकारी तिजोरी भरते, शेणखताची पाठ आणि डिझेल भरतात.

कुंडीवाल्यांना यातून मिळणारा धडा सरळ आहे. खत स्वस्त हवं असेल तर ते दुरून आणू नका. गोठा दोन गल्ल्या पलीकडे असेल तर शेणखत परवडतं, तालुक्यातून टेम्पोने आणलं तर तुम्ही टेम्पोला पैसे देता. आणि घ्याल ते कुजलेलं, काळं, वास न येणारं घ्या, ताजं शेण मुळं जाळतं. शहरात खरी फुकट वस्तू म्हणजे सोसायटीतला वाळका पाला, जो पोती भरून फेकला नाहीतर पेटवला जातो. रसवंतीच्या उसाच्या चोयट्या, नारळाच्या शेंड्या, सुताराकडचा भुसा हेही मागितलं तर मिळतं. मुंबईत रमेश दोशींनी आणि कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने असल्याच गोष्टींवर गच्चीतल्या बागा उभ्या केल्या. घरातला ओला कचरा, त्याच्या दुप्पट-तिप्पट वाळका पाला, भोकं पाडलेली बादली, मूठभर जुनं खत विरजणासारखं, आणि दर पंधरा दिवसांनी पालथं. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. वास आला तर पाला कमी पडलाय. दोन-तीन महिने लागतात, इंदूरला लागत तितकेच.

फक्त एक गोष्ट बघा. तो पाला पोत्यात भरून कोण ठेवतं? रोज झाडणाऱ्या बाईंना "जरा वेगळा ठेवा ना" एवढं सांगून मिळत असेल, तर जमेच्या बाजूला 'फुकट' लिहिण्याआधी खर्चाची बाजू भरा. त्यांच्या कामाचे तास वाढलेत, पगार वाढलाय का ते विचारा.

आणि दप्तराकडे वळणाऱ्यांसाठी. सुरुवात आपल्या शहराच्या नगरपालिकेच्या जुन्या वार्षिक अहवालांपासून करा. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार आहे, पुण्याला गोखले संस्थेचं ग्रंथालय आहे. खतविक्री जमेच्या पानावर मिळेल आणि सफाई खात्याचे पगार खर्चाच्या पानावर. दोन्ही पानांच्या प्रती एकाच वेळी काढून घ्या. ठेकेदाराला खत कोणत्या दराने विकलं, त्याच वर्षी माणशी पगार किती होता, आणि त्या वर्षी सफाईवाल्यांचा संप झाला का, हे एका तक्त्यात मांडा. दहा वर्षांचा तक्ता झाला की मला जरूर पाठवा.